ग्रीन कार्ड ‘कायम’ असते का? तात्पुरत्या नोकरीसाठी मायदेशी येणाऱ्या बंधुभगिनींसाठी

वरळीच्या जांबोरी मैदानाभोवती उभ्या असलेल्या बीडीडी चाळी मुंबईकरांना नव्याने सांगायला नकोत. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या आणि त्या खात्याच्या आद्याक्षरांनीच त्यांचे नाव रूढ झाले. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी, प्रत्येक चाळीत तळमजला धरून चार मजले, ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. म्हाडाच्या पुनर्विकास योजनेतून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. उरलेल्यांची पाळी टप्प्याटप्प्याने येते आहे.

या घडामोडीचा एक धागा थेट परदेशापर्यंत जातो. याच खोल्यांत अभ्यास करून अमेरिकेत गेलेली आणि तेथे कायम रहिवासी झालेली मुलेमुली आता पुन्हा वरळीत दिसू लागली आहेत. कोणी म्हाताऱ्या आईवडिलांना नव्या घरात बसवून देण्यासाठी आलेले असते, कोणी वारसाहक्काच्या कागदपत्रांसाठी. कोणाला अमेरिकन कंपनीनेच दोन वर्षांसाठी लोअर परळच्या कचेरीत धाडलेले असते. जेथे आजोबांनी गिरणीत पाळी केली तेथेच नातू काचेच्या इमारतीत बसतो. सर्वांच्या मनात एकच शंका असते: इथे राहिल्याने तिकडचे ग्रीन कार्ड जाईल का? ही शंका आमच्यापर्यंत इतक्या वेळा आली आहे की तिचे सविस्तर उत्तर देणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम शब्दाचाच घोटाळा दूर करू. ‘कायम रहिवासी’ यातील ‘कायम’ हा शब्द फसवा आहे. जोवर तुम्ही तेथे खरोखर राहता तोवर राहण्याचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते. पण ती मुदत प्लास्टिकच्या तुकड्याची असते, दर्जाची नव्हे. मुदत संपल्याने दर्जा जात नाही, तसाच मुदत शिल्लक असल्याने तो टिकतोच असेही नाही. कागद वेगळा आणि वास्तव्य वेगळे, हा भेद भाडेपावत्या जपत आयुष्य काढलेल्या चाळकऱ्यांना लवकर कळावा.

आपल्याकडे सांगोवांगी एक नियम पसरलेला आहे: दर सहा महिन्यांनी अमेरिकेत एक फेरी मारावी, आठवडाभर राहावे, की ग्रीन कार्ड शाबूत. हा नियम कोणत्याही कायद्यात नाही. त्याचा उगम मात्र शोधता येतो. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्या रहिवाशाची विमानतळावर नव्याने प्रवेश मागणाऱ्याप्रमाणे चौकशी होऊ शकते. तसेच सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य खंडित झाल्याचे सामान्यतः गृहीत धरले जाते. या दोन तरतुदी एकत्र कालवून लोकांनी तिसराच नियम बनवला. वर्षाची मर्यादा मात्र खरी आहे: एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसते ग्रीन कार्ड दाखवून सामान्यतः परत प्रवेश मिळत नाही. पण वर्षाच्या आत परतलात म्हणजे निर्धास्त झालात, हे त्यातून निघत नाही.

याची दोन उदाहरणे न्यायनिवाड्यांत आहेत. १९८८ साली हुआंग प्रकरणात अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळासमोर एका स्त्रीचा प्रश्न आला. तिच्याकडे ग्रीन कार्ड होते, ती अधूनमधून अमेरिकेत येतही असे. पण तिचा संसार पतीसमवेत जपानमध्ये होता. तिने आपला दर्जा सोडून दिला आहे, असे मंडळाने ठरवले. पुढे १९९७ साली सिंग विरुद्ध रेनो या खटल्यात अपील न्यायालयाने तोच निष्कर्ष काढला. सिंग यांची पत्नी व मुले इंग्लंडमध्ये राहत, आणि ते स्वतः वारंवार अमेरिकेत ये-जा करीत. दर्जा टिकवण्याची इच्छा असून भागत नाही, माणसाच्या वागण्यातूनही ती दिसली पाहिजे, असा या निर्णयांचा रोख आहे.

तेव्हा प्रश्न महिने मोजण्याचा नाही. कायद्याची अपेक्षा ही की परदेशातील मुक्काम ‘तात्पुरता’ असावा. न्यायालये तात्पुरता कशास म्हणतात? ज्याचा शेवट आधीच ठरलेला आहे आणि तो फार दूर नाही, असा मुक्काम. किंवा जो एखाद्या घटनेने संपणार आहे आणि ती घटना थोडक्या काळात घडण्याची वाजवी शक्यता आहे, असा मुक्काम. दोन वर्षांचा लेखी करार, त्यात संपण्याची तारीख आणि अमेरिकेतील जुन्या जागी परत घेण्याचे कंपनीचे आश्वासन, हा तात्पुरत्या नोकरीचा भक्कम पुरावा. आईच्या शस्त्रक्रियेनंतर ती चालू लागेपर्यंत थांबणे, हेही त्यात बसू शकते. ‘आईबाबा आहेत तोवर’ हे उत्तर मात्र, कितीही प्रेमाचे असले तरी, अधिकाऱ्यापुढे घातकच ठरते, कारण त्याला शेवटाची तारीख नाही. पुनर्विकासाची कामेही याच जातीची. ‘इमारत पूर्ण झाली की जाईन’ असे म्हणणाऱ्याने आपल्या चाळीचा टप्पा कोणता आणि ताबा कधी, याचा लेखी कागद जवळ ठेवावा. मुंबईत ‘लवकरच’ या शब्दाचा अर्थ काय होतो हे आपण जाणतोच.

वास्तव्याच्या खुणा अमेरिकेत मागे राहिल्या पाहिजेत. घर किंवा भाडेकरार, चालू बँक खाते, वाहन परवाना, तेथेच राहिलेले पती, पत्नी अथवा मुले, तेथील धर्मग्रामातील नोंदणीसुद्धा. यांतील कोणतीही एक गोष्ट निर्णायक नाही. सर्वांचे मिळून चित्र पाहिले जाते. मुंबईत घर असणे वा वारसाने मिळणे हा गुन्हा नाही आणि त्यानेच दर्जा जात नाही. पण तिकडचे घर विकून, मुलांची नावे शाळेतून काढून, सामानाचा कंटेनर न्हावाशेव्याला उतरवून नंतर ‘तात्पुरता आलो’ म्हणणे अवघड जाते.

आता मुख्य कागदाकडे वळू. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहण्याची शक्यता असेल तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना, म्हणजे रीएन्ट्री परमिट, मागावा. त्यासाठी आय-१३१ हा फॉर्म आहे. अर्ज करताना तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असले पाहिजे. वरळीत बसून तो करता येत नाही. बहुतेक चुका याच पायरीवर होतात. बोटांचे ठसे देण्यास बोलावले तर त्यासाठीही तेथील केंद्रातच जावे लागते. म्हणून तिकीट काढण्याआधी काही आठवडे हाताशी ठेवावेत. अर्ज दाखल झाल्यावर निघता येते आणि परवाना परदेशातील अमेरिकन वकिलातीमार्फत घेण्याची सोय मागता येते. तो साधारणतः दोन वर्षांचा असतो आणि त्यास मुदतवाढ नाही; पुन्हा हवा असल्यास परत जाऊन नवा अर्ज करावा लागतो. मागील पाच वर्षांतील चारांहून अधिक वर्षे बाहेर काढली असतील, तर काही अपवाद वगळता तो एकाच वर्षाचा मिळतो. कुटुंबातील प्रत्येकाला, तान्ह्या मुलालाही, स्वतंत्र परवाना लागतो.

हा परवाना म्हणजे अभयपत्र नव्हे. तो हाती असल्यास केवळ बाहेर राहिलेल्या काळाच्या लांबीवरून दर्जा सोडल्याचे ठरवले जात नाही, एवढेच त्याचे बळ. इतर पुरावे विरोधात असतील तर प्रश्न उठतोच.

परवाना न घेता वर्ष उलटून गेलेच तर एक अरुंद वाट राहते: वकिलातीत एसबी-१ हा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागणे. आपण तात्पुरते आलो होतो आणि आपल्या हातात नसलेल्या कारणाने अडकलो, हे त्यासाठी सिद्ध करावे लागते. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा बंद केली. नियमित उड्डाणे मार्च २०२२ अखेर सुरू झाली. त्या काळात अडकलेल्यांना हे कारण सांगता येत होते, पण मधल्या काळात विशेष विमाने सुटत होती, त्यांचा लाभ का घेतला नाही, हा प्रश्नही ओघाने येणारच. ‘घराचे काम रेंगाळले’ हे कारण त्याहून दुबळे आहे.

कराची बाब लोक सर्वांत हलक्यात घेतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. ग्रीन कार्डधारकाने जगभरातील उत्पन्नाचे विवरण अमेरिकेत दरवर्षी द्यायचे असते, पगार मुंबईत मिळत असला तरी. दुसरीकडे भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलात की भारतही तुम्हांला करासाठी रहिवासी मानतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्यामुळे एकाच पगारावर दोनदा पूर्ण कर भरण्याची वेळ सहसा येत नाही. पण याच करारात एक सापळा दडलेला आहे. त्याच्या आधारे ‘मी करासाठी भारताचाच रहिवासी’ असे अमेरिकेच्या विवरणात लिहून कर वाचवता येतो, आणि एखादा हुशार हिशेबनीस तसे सुचवतोही. असे अनिवासी म्हणून विवरण भरणे हा दर्जा सोडल्याचा तुमच्याच सहीचा पुरावा ठरू शकतो. काही हजार डॉलर वाचवून कार्ड गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. विवरण भरणाऱ्याला आपला इमिग्रेशनचा दर्जा पहिल्याच भेटीत सांगावा.

नागरिकत्वाचे घड्याळ वेगळे चालते. पुनर्प्रवेश परवान्याने दर्जाला आधार मिळतो, पण नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्यातील खंड भरून निघत नाही. अमेरिकन सरकार, मान्यताप्राप्त संशोधनसंस्था वा परदेशी व्यापार वाढवणारी अमेरिकन कंपनी यांच्यासाठी बाहेर गेलेल्यांना एन-४७० हा अर्ज करून ते वास्तव्य अखंड ठेवता येते. मात्र ग्रीन कार्डनंतर एक पूर्ण वर्ष सलग अमेरिकेत काढलेले असावे आणि बाहेरचे वर्ष भरण्याआधी अर्ज व्हावा. धर्मगुरू व धर्मभगिनींसाठी कायद्यात अधिक उदार तरतूद आहे: धर्मकार्यासाठी बाहेर पाठवले असल्यास गैरहजेरीनंतरही हा अर्ज करता येतो आणि तो काळ प्रत्यक्ष हजेरीतही धरला जातो. तेथील संस्थांत राहून मायदेशी सेवेस आलेल्या व्रतस्थांनी याची नोंद घ्यावी. एन-४७० असला तरी पुनर्प्रवेश परवाना वेगळा घ्यावाच लागतो.

माहेरी बाळंतपणास येणाऱ्या लेकींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ग्रीन कार्डधारक आईच्या तात्पुरत्या मुक्कामात भारतात जन्मलेले बाळ इमिग्रंट व्हिसाशिवाय तिच्यासोबत अमेरिकेत जाऊ शकते, पण दोन अटींवर: बाळ दोन वर्षांच्या आतील असावे आणि आईचा तो प्रसूतीनंतरचा पहिलाच परतीचा प्रवास असावा. ‘बाळ आजीकडे राहू दे, मी रजा संपली म्हणून एकदा जाऊन येते’ असे करणाऱ्या आईची ही सवलत त्या एका फेरीने जाते. मग बाळासाठी रीतसर अर्ज करावा लागतो आणि कायम रहिवाशांच्या मुलांसाठीच्या रांगेत बरीच प्रतीक्षा घडू शकते. तेवढा काळ आई आणि तान्हे मूल दोन खंडांत राहणार, हे आजीनेही ध्यानात घ्यावे.

इतर देशांचे नियम निराळे आहेत. कॅनडा हिशेब स्पष्ट ठेवतो: पाच वर्षांत ७३० दिवस तेथे काढावेत, कॅनडातील कंपनीने तिच्याच नोकरीत बाहेर पाठवले असल्यास, अथवा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत बाहेर राहत असल्यास तेही दिवस मोजले जातात. ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिल्यास अनिश्चित काळाचा निवास संपतो. ऑस्ट्रेलियात राहण्याचा हक्क राहतो, पण परतण्याची सोय पहिल्या पाच वर्षांपुरती असते. पुढे परतीचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. आखाताचा तर प्रश्नच वेगळा. तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांचा निवास नोकरीशी बांधलेला असतो, आणि अमिरातीत साधारण निवास व्हिसा सहा महिने बाहेर राहिल्यास सामान्यतः रद्द होतो.

शेवटी ज्येष्ठांविषयी. मुलांनी ग्रीन कार्ड काढून दिलेले पण हिवाळा वरळीत आणि उन्हाळा न्यू जर्सीत घालवणारे आईवडील पुष्कळ आहेत. मार्च २०२५ मध्ये अशा वृद्धांवर विमानतळावर कार्ड परत करण्याचा दबाव येत असल्याचे अमेरिकेतील वकिलांचे म्हणणे आपल्या वृत्तपत्रांत छापून आले होते. त्यासाठी जो कागद पुढे केला जातो तो आय-४०७. त्यावर सही करणे म्हणजे स्वखुशीने दर्जा सोडणे. सही करणे बंधनकारक नाही. न वाचता, लांबच्या प्रवासाच्या शिणात, भाषा नीट न कळता ती करू नये. अधिकाऱ्याला शंका असेल तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे मांडण्याची मागणी करता येते, आणि तेथे दर्जा सोडल्याचे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. अंतिम निकाल लागेपर्यंत ती व्यक्ती कायम रहिवासीच राहते. कार्ड काढून घेतले तर दर्जाचा तात्पुरता पुरावा मागून घ्यावा. मुलाचा दूरध्वनी क्रमांक, परतीच्या तिकिटाची प्रत आणि मुंबईतील मुक्कामाचे कारण दाखवणारा कागद, मग तो इस्पितळाचा असो वा म्हाडाचा, हातातल्या पिशवीत ठेवावा. तपासणीस दिलेल्या बॅगेत नको.