बॉम्बे हायचे उतारवय

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले, कच्च्या तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या आणि परकीय चलनाची आधीच तंगी असलेला आपला देश हबकून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या रिगला तेल लागले. सोव्हिएत जहाजाने साठच्या दशकात केलेल्या सर्वेक्षणात तिथल्या तळाखालचा उंचवटा आधीच दिसला होता. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, दोन वर्षांनी समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली आणि ‘बॉम्बे हाय’ हा शब्द घरोघरी पोचला.

आज हे क्षेत्र पन्नाशी ओलांडून गेले आहे. १९८५ च्या सुमारास तिथून दिवसाला चार लाखांहून अधिक बॅरल तेल येत होते. २०२४ मध्ये ते दीड लाखाच्याही खाली होते. देशाची रोजची गरज मात्र पन्नास लाख बॅरलच्या पुढे गेली आहे आणि लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. तरीही खोल समुद्रातील तेलाच्या नव्या स्वप्नांइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष या म्हाताऱ्या क्षेत्राकडे द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. तेलाचा साठा म्हणजे खाली भरलेले तळे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बॉम्बे हायचे तेल चुनखडीच्या दगडातल्या बारीक छिद्रांत अडकलेले आहे. ‘एल-३’ नावाचा तिथला मुख्य थर कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, कोमट समुद्रात तयार झाला. सुरुवातीला खालचा दाब तेलाला आपसूक वर ढकलतो. जसजसे तेल निघते तसतसा दाब उतरतो, तेलात विरघळलेला वायू सुटा होतो आणि विहिरीची चाल मंदावते. मग समुद्राचे पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून, दुसऱ्या विहिरींतून थरात दाबावे लागते. बॉम्बे हायमध्ये हे काम ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सुरू झाले.

पण चुनखडी सगळीकडे सारखी नसते. कुठे ती घट्ट, कुठे भेगाळलेली. पाणी सोप्या वाटेने पुढे धावते, थेट तेलाच्या विहिरीत शिरते आणि मधल्या घट्ट दगडातले तेल जागच्या जागी राहते. परिणाम असा की अनेक जुन्या विहिरींतून आता तेलाबरोबर भरपूर पाणीच वर येते. जगभरात अशा साठ्यांतले साधारण एक तृतीयांश तेलच बाहेर निघते. उरलेले कुठे अडकले आहे हे ओळखून नेमक्या तिथे आडवी विहीर नेणे, पाण्याचा मार्ग बदलणे, हेच आता खरे कसब आहे. जानेवारी २०२५ मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीने या कामासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक नेमले. आधारभूत अंदाजापेक्षा तेल आणि वायू मिळून साठ टक्क्यांपर्यंत वाढ शक्य असल्याचे सांगितले गेले. हा आकडा गाठला तरी आयात थांबणार नाही. पण प्लॅटफॉर्म, पाइप, उरणचा प्रकल्प हे सगळे आधीच उभे आहे; तिथला प्रत्येक जादा बॅरल नव्या क्षेत्रातल्या बॅरलपेक्षा लवकर हाती येतो. वायूचे मोल तर आणखी जवळचे आहे. थळचा खत कारखाना याच वायूच्या आधारावर उभा राहिला आणि उरणचे वीज केंद्र वायू अपुरा पडतो म्हणून वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकलेले नाही.

खोल समुद्राची वाट वेगळी आहे. बॉम्बे हायवर पाणी साधारण ७५ मीटर खोल. पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ते शेकडो, काही ठिकाणी हजारो मीटर. तिथल्या ओएनजीसीच्या क्षेत्रातून पहिले तेल जानेवारी २०२४ मध्ये आले, तेही ठरलेल्या मुदती वारंवार पुढे ढकलल्यानंतर. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी खोल समुद्रातील शोधमोहीम जाहीर केली. त्याच वर्षी अंदमानजवळ वायूचा मागमूस लागला. शोध जरूर घ्यावा. मात्र मागमूस लागणे आणि परवडणारे उत्पादन सुरू होणे यांत सहज दहा वर्षे जातात.

या सगळ्या हिशेबात माणूस मागे पडतो, हे मला सर्वांत जास्त खुपते. जुहूहून हेलिकॉप्टरने जाणारे आणि चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी असे आयुष्य काढणारे कायम कर्मचारी निदान कागदावर तरी दिसतात. कंत्राटी कामगार तिथेही दिसत नाहीत. २७ जुलै २००५ ला ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज प्लॅटफॉर्मवर आदळून भडकलेल्या आगीत २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज आणि वरप्रदा टग बुडाले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतांश कंत्राटी वेल्डर, फिटर, खलाशी होते. वादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. अरबी समुद्रात तीव्र चक्रीवादळे वाढत आहेत. जुन्या लोखंडाची दुरुस्तीही वाढत जाणार, म्हणजे बार्जवर राहणारे कामगारही वाढणार. इशारा आल्यावर बार्ज बंदरात आणण्याचा निर्णय कंत्राटदाराच्या नफ्या-तोट्यावर सोडून चालणार नाही. तो अधिकार एका स्वतंत्र यंत्रणेकडे असावा आणि तिचा शब्द अंतिम असावा.

आणि शेवटी, जे उभारले ते उतरवायचेही आहे. गुजरात किनाऱ्यालगतचे ताप्ती वायुक्षेत्र २०१६ मध्ये थांबले आणि तिथले प्लॅटफॉर्म काढण्याचे काम देशातले अशा प्रकारचे पहिले ठरले. विहिरी सिमेंटने कायमच्या बंद करायच्या, पाइपलाइन धुवायच्या, हजारो टन पोलाद कापून किनाऱ्यावर आणायचे, हे सारे महागडे काम आहे आणि त्यातून एक थेंबही तेल मिळत नाही. म्हणून ते टाळण्याचा मोह होतो. बॉम्बे हायवर तर असे कितीतरी सांगाडे उभे आहेत. त्यांच्याभोवतीच्या ५०० मीटर सुरक्षापट्ट्यात कोळ्यांना जाळे टाकता येत नाही. कोणता प्लॅटफॉर्म कधी निघणार, त्यासाठी किती पैसे बाजूला ठेवले आहेत आणि कापलेले लोखंड कोणत्या बंदरात उतरणार, याची यादी ओएनजीसीने आताच जाहीर करायला हवी. आणि ती ससून डॉक, करंजा, सातपाटीच्या मच्छीमार सोसायट्यांपर्यंत मराठीत पोचायला हवी.