प्रबंध बाजूला, प्रोग्रॅम पुढे

२००१ साली अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये फर्नांडो पेरेझ हा कोलंबियन तरुण भौतिकशास्त्रात पीएचडी करत होता. प्रबंध बाजूला ठेवून त्याने पायथन या संगणकभाषेसाठी २५९ ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला, तोच आयपायथन. पुढे पेरेझ उपयोजित गणितात गेला, तिथून बर्कलीला मेंदूविज्ञानात आणि मग संख्याशास्त्र विभागात. विषय बदलले, सॉफ्टवेअरचा नाद कायम राहिला.

२०१४ मध्ये आयपायथनमधूनच ज्युपिटर निघाले. आकडेमोड, आलेख आणि टिपणे संगणकावरच्या एकाच वहीत! २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा त्या टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी आपले विश्लेषण अशाच वहीतून सर्वांसाठी खुले केले.

पण विद्यापीठात बढती मिळते ती शोधनिबंध मोजून. उत्तम कोड लिहिणारा अनेकदा कागदोपत्री 'संशोधन साहाय्यक' असतो आणि प्रकल्पाचा निधी संपला की त्याची नोकरीही संपते. २०१२ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका कार्यशाळेत या कामाला 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नाव मिळाले. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये या मंडळींची स्वतंत्र सोसायटीही उभी राहिली.

आता काही विद्यापीठांत अशा इंजिनिअरांचे कायमस्वरूपी गट आहेत. तिथला माणूस सहा महिने हवामानाच्या प्रारूपावर काम करतो, पुढचे सहा महिने जनुकांच्या माहितीवर. प्रकल्प संपतो, खुर्ची मात्र टिकते.