केसपेपरचा कोरा भाग

मिरज हे गाव शतकाहून अधिक काळ इस्पितळांचे गाव म्हणून दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात विख्यात आहे. डॉ. वान्लेस यांनी तेथे मिशन इस्पितळ काढून घातलेल्या पायावर पुढे शस्त्रवैद्यांची आणि विशेषज्ञांची एवढी दाटी झाली की, अथणी-विजापूरकडचा रोगीही उपचारासाठी येथेच येऊन उतरतो. अशा गावाच्या आसमंतात होमिओपॅथीचे दवाखाने ओस पडले असतील असा तर्क कोणीही करील; परंतु सांगली, मिरज आणि तासगाव येथील या दवाखान्यांची पाहणी करण्याच्या निमित्ताने तेथील बाकांवर बसलेल्या माणसांशी जे बोलणे झाले, त्यावरून असे दिसले की, येथे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मोठी इस्पितळे पालथी घालूनच आलेले असतात, आणि त्यांच्या कापडी पिशवीतील रक्ततपासणीचे कागद, क्ष-किरणांची छायाचित्रे व जुन्या चिठ्ठ्या ही त्या फिरतीची कैफियतच असते.

सांगलीच्या हळदपेठेत धुळीने शिंकांचा त्रास जडलेला हमाल, सोरायसिसच्या खपल्यांमुळे पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा शिक्षक, अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला हाताशी धरून आलेली आई, पाळीच्या तक्रारींनी बेजार झालेली तरुणी, मुतखडा, चामखीळ, अर्धशिशी, गुडघे अशा नाना व्याधींची मंडळी एकाच खोलीत बसलेली असतात. हाड मोडलेला किंवा छातीत कळ आलेला मनुष्य मात्र येथे सहसा फिरकत नाही. ही निवड लोक कोणी न सांगता स्वतःच करतात, आणि या व्यवसायाच्या लौकिकाचे एक कारण माझ्या मते तेथेच आहे. कारण येथे येणाऱ्या कित्येक विकारांचा स्वभावच मुळी चढउताराचा असतो, माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो त्रास ऐन भरात असताना, आणि त्यानंतर जो उतार स्वभावतः पडावयाचा तो पडला म्हणजे त्याचे श्रेय हातातल्या गोळीकडे जाते. चामखीळ पुष्कळदा आपोआप झडते, आणि बहुतेक मुलांचे अंथरूण वयानुसार कोरडे होते.

डॉक्टरही सर्व एकाच साच्यातले नाहीत. साडेपाच वर्षांचा बी.एच.एम.एस. अभ्यासक्रम पुरा करून पदवी घेतलेले हे लोक. त्यांच्या व्यवसायाला या राज्यात 1959 च्या कायद्याने आणि देशभर 1973 च्या कायद्याने मान्यता लाभली, आणि 2014 साली महाराष्ट्राने कायद्यात फेरफार करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची मुभा देऊ केली, जिच्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत वाद चालत आला. त्यामुळे तालुक्याच्या गावी ‘होमिओपॅथिक क्लिनिक’ अशी पाटी असूनही आत सलाइन लावलेले दोन पलंग दिसतात. रात्री ताप चढला असता दार उघडणारा डॉक्टर तोच असतो, आणि गावकऱ्यांना त्याची पदवी कोणत्या शास्त्राची याची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. शहरातल्या पेठेत मात्र केवळ होमिओपॅथीच करणारा, दिवसाकाठी मोजके नवे रुग्ण घेणारा आणि स्वतःस ‘क्लासिकल’ म्हणविणारा वर्ग आहे. पाहणीचा खरा कस लागला तो याच वर्गापाशी.

अशाच एका दवाखान्यात, रुग्णाची व डॉक्टरांची संमती घेऊन, मी कोपऱ्यात बसलो होतो. अंगावर पित्त उठण्याची तक्रार घेऊन चाळिशीतली एक बाई आली. गांधी दाखवून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, “ताई, हे उन्हात वाढतं की गारठ्यात?” पुढे तहान किती लागते, जेवताना वरून मीठ घेता काय, झोप कोणत्या कुशीवर येते, स्वप्ने कसली पडतात, अशी विचारपूस स्वस्थपणे चालली. पित्त प्रथम कधी उठले, या प्रश्नावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ गेला त्या वर्षी.” रडू आले तेव्हा कोणी जवळ घेतले तर बरे वाटायचे का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “नाही डॉक्टर, मला तेव्हा कुणी नकोच वाटायचं. मोरीत जाऊन रडायचे मी.” डॉक्टरांनी मिठाची आवड आणि सांत्वन न सोसणे या दोन ओळींखाली रेघ मारली. ज्याला थोडा अभ्यास आहे त्याला पुढचे औषध तेथेच कळले असते: नेट्रम मूर, म्हणजे साधे खाण्याचे मीठ, दोनशेच्या पोटेन्सीत.

मग काचेच्या बारीक कुपीत साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्या भरून त्यांवर त्यांनी औषधाचे थेंब सोडले, बूच लावून कुपी तळहातावर आपटली, आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावाऐवजी ‘1’ एवढाच आकडा घातला. दुसरी कुपी ‘2’ या आकड्याची. तीत कोऱ्या गोळ्या होत्या, ज्यांना हे लोक ‘सॅक लॅक’ म्हणतात. औषधाची मात्रा एकदाच द्यावयाची व पुढचा पंधरवडा तिचा परिणाम पाहत थांबावयाचे, परंतु रुग्णाला रोज काही घेतल्याचे समाधान हवे, म्हणून ही तजवीज. कच्चा कांदा, कॉफी आणि कापूर वर्ज्य, हे सांगून बाईंना निरोप मिळाला तेव्हा बाहेरचे बाक पार भरून गेले होते.

दोनशेची पोटेन्सी म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया दोनशे वेळा केलेली. रसायनशास्त्राचा हिशोब असा की, बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू शिल्लक राहण्याची शक्यता संपते; सर्रास दिल्या जाणाऱ्या तीसच्या पोटेन्सीत विरलता 10 च्या 60 व्या घाताइतकी होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 साली उपलब्ध प्रयोगांची छाननी करून, ज्यात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा आहे असा एकही विकार आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. मला हा हिशोब आणि हा निष्कर्ष दोन्ही मान्य आहेत, आणि म्हणून पहिल्या व दुसऱ्या कुपीत काही भेद आहे असे मी मानत नाही. परंतु त्या बाईंचे जे ऐकून घेतले गेले ते खोटे नव्हते. पिशवीतल्या इतक्या कागदांत त्यांच्या भावाचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि ज्या इस्पितळात प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात तेथे तो येणे शक्यही नव्हते, ही गोष्ट आरोग्यखात्याने मनावर घ्यावी इतकी गंभीर आहे.

आता ज्या मुद्द्याने या पाहणीत मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, त्याकडे येतो. होमिओपॅथाचा केसपेपर हा पहिल्या भेटीच्या बाबतीत आमच्या पाहण्यातला सर्वांत समृद्ध वैद्यकीय दस्तऐवज आहे. ही परंपरा थेट होमिओपॅथीचा जनक सॅम्युएल हानेमान याच्यापासूनची. त्याने लिहिलेल्या रुग्णनोंदींच्या पन्नासहून अधिक वह्या आजही जर्मनीत श्टुटगार्ट येथे जतन केलेल्या आहेत. पण याच केसपेपरची पाने उलटत शेवटाकडे गेले की, बारीक अक्षरांत सुरू झालेली नोंद दुसऱ्या भेटीला चार ओळींवर, तिसऱ्या भेटीला ‘बरे आहे, तेच चालू’ एवढ्यावर येते आणि पुढे कागद कोरा. पुन्हा न आलेल्या रुग्णाचे काय झाले असे विचारले असता, “बरा झाला असणार, नाहीतर आला असता,” हे उत्तर आम्हाला इतक्या ठिकाणी इतक्या सहजतेने मिळाले की, तो या व्यवसायाचा अलिखित शिरस्ताच मानावा लागतो. बाकावर भेटणारी माणसे अर्थातच ज्यांना गुण वाटला ती. त्यांची जबानी घेऊन पाहणी पुरी केली असती, तर होमिओपॅथीइतके यशस्वी शास्त्र जगात दुसरे नाही असाच निर्वाळा द्यावा लागला असता.

म्हणून डॉक्टरांच्या अनुमतीने, त्यांच्याच सहायकांकडून, कोऱ्या राहिलेल्या केसपेपरांवरील दूरध्वनी क्रमांक फिरविले. काही जण खरोखरच बरे होते. काहींनी गुण न आल्याने मुकाट्याने मिरज गाठले होते आणि पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून कळविले नव्हते. काहींची गोळी चालू असताना इस्पितळाचे औषधही चालू होते, आणि ते त्यांनी दोन्हीकडे लपविले होते; एका आजींनी “दुसरं काही घेत नाही” असे सांगितल्यावर त्यांच्या सुनेने मागून “अहो, बीपीची गोळी रोज घेतात त्या,” अशी दुरुस्ती केली. एका गृहस्थाने होमिओपॅथीचे सुरू केले म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद केले होते आणि त्याला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले होते. इन्सुलिन थांबवा असे डॉक्टरांनी सांगितले नव्हते, थांबवू नका असेही सांगितले नव्हते. आणि केसपेपरावर, जेथे त्याच्या स्वप्नांची नोंद होती तेथे, इन्सुलिनचा उल्लेख नव्हता.

याच्या उलट टोकाचा अनुभवही सांगितला पाहिजे. धाप लागलेल्या एका लहान मुलाला तपासताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचा सदरा वर करून बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते आहे हे पाहिले, आणि गोळीला हातही न लावता मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांना दूरध्वनी करून, स्वतः रिक्षा ठरवून, आईला बजावले, “ताई, आत्ताच्या आत्ता निघा, घरी जाऊ नका.” तिसऱ्या दिवशी त्यांनीच इस्पितळात चौकशी करून केसपेपरावर लिहिले, ‘ऑक्सिजन लागला, आता ठीक, पंप चालू, बंद करू नये.’ आम्ही पाहिलेल्या दप्तरांत शेवट असा स्वतः विचारून लिहिलेले कागद फार थोडे निघाले.

पाहणीचा गोषवारा वाचून दाखविला त्या बैठकीत काही डॉक्टर रागावले आणि इतर पॅथींची मंडळी तरी न आलेल्यांची विचारपूस कोठे करतात, असे त्यांनी विचारले. तक्रार रास्त आहे. आमच्याकडच्या खासगी दवाखान्यांत अशी विचारपूस सहसा कोणी करीत नाही. परंतु तहान, झोप आणि स्वप्ने यांसाठी ज्यांनी पानेच्या पाने राखून ठेवली आहेत, त्यांना चालू औषधांची एक ओळ आणि तीन महिन्यांनी करावयाच्या एका दूरध्वनीची एक ओळ जड जाऊ नये, असा आग्रह आम्ही धरला. काहींनी या दोन ओळींचे नवे केसपेपर छापून घेण्याचे मान्य केले. बाकीच्यांकडे पुन्हा जावयाचे आहे.