पान कुरतडले तरी चालेल, झाड आपले लावा

मृगाचा पाऊस सुरू झाला की बेळगावच्या नर्सऱ्यांत गर्दी होते. परसात, गच्चीत किंवा खिडकीशी लावायला आपण चार रोपे आणतो. बहुतेक वेळा निवड होते ती क्रोटनसारख्या शोभेच्या परदेशी झुडपांची. ती वर्षभर रंगीत दिसतात आणि त्यांची पाने सहसा कोणी खात नाही. हा गुण आपल्याला सोयीचा वाटतो. पण बागेत फुलपाखरे व पक्षी का येत नाहीत, याचे एक उत्तरही त्यातच आहे.

फुलपाखरू मधुरसासाठी अनेक फुलांवर बसते, अंडी मात्र ठरावीक झाडांच्या पानांवरच घालते. अंड्यातून निघालेली अळी तीच पाने खाऊन वाढते. कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांच्या पानांवर ‘लाइम’ आणि ‘कॉमन मॉर्मन’ या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो. विद्यार्थ्यांनी रोज पाहून वहीत नोंद करावी असा हा घरचा पाठ आहे.

हनुमानाला वाहतो त्या रुईवर ‘प्लेन टायगर’ची अळी वाढते. रुईतील विषारी द्रव्य ती अंगात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, तेव्हा लहान मुले असतील तेथे हे झाड कुंपणाबाहेरच बरे.

पक्ष्यांचेही असेच आहे. शिंपी, दयाळ, बुलबुल आपल्या पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांच्या चोचीत किडेच घालते. मध पिणारा शिंजीर पिल्लांसाठी कोळी आणि किडे शोधतो. म्हणजे नुसते दाणे टाकून आणि पाणी ठेवून पक्षी अंगणात येतील, पण तेथे संसार मांडायला त्यांना कीटक हवेत, आणि कीटकांना आपल्या मातीतली झाडे हवीत.

यात आपल्या स्वयंपाकघराचाही संबंध आहे. “वेलाला फुले भरपूर, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात,” ही तक्रार अनेक घरी ऐकू येते. दुधी आणि लाल भोपळ्याच्या वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. त्यांचे पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने जात नाहीत, ते कीटकांनीच न्यावे लागतात. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, तेथे मधमाश्या काम करतात. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, तेथे पतंग येतात. हे पाहुणे आले नाहीत तर फळ धरत नाही. आपल्याकडच्या आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाच्या माश्या, तसेच काळे भुंगे यांना वर्षभर काही ना काही फुललेले मिळायला हवे.

त्यासाठी मोठी जागा लागत नाही. कुंडीत तुळस, मोठ्या कुंडीत कढीपत्ता व लिंबू चांगले येते. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नयेत, मधमाश्यांसाठी काही राहू द्याव्यात. परसात अडुळसा, निर्गुडी आणि शेवगा लावावा. शेवग्याच्या फुलांवर माश्यांबरोबर शिंजीरही येतो. सर्व अंगणाला फरशी घालू नये, कारण एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. उथळ थाळीत पाणी ठेवून त्यात दोन-चार खडे टाकावेत.

टणटणीवर फुलपाखरे येतात म्हणून ती लावण्याचा मोह होतो. पण ती मूळची अमेरिकेतली असून आपल्या रानांत पसरून तिने स्थानिक रोपांची जागा घेतली आहे. ती मुद्दाम लावू नये.

पालकांना एक विनंती आहे. कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारू नका. तो पाला आपल्याच फोडणीत पडतो. रोप अगदी लहान असेल तर दोन-चार अळ्या मोठ्या झाडावर हलवाव्यात; वाढलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटते.

शाळेच्या विश्वस्तांपुढेही आम्ही एक सूचना ठेवतो. आवाराच्या भिंतीकडेला शोभेच्या झुडपांऐवजी यंदा एक जांभूळ आणि एक बहावा लावावा. बहाव्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतील आणि जांभळे खायला पक्षी व मुले दोघेही येतील. रोपांना पाणी घालण्याची पाळी वर्गावर्गांनी वाटून घ्यावी. आज पहिलीत असलेली मुले दहावीला पोहोचतील तोवर ती झाडे मोठी झालेली असतील.