दुःखाचे स्थानिक नाव

मुलांच्या मनोव्यथांवर संभाषणाच्या मार्गाने उपचार करण्याचे शास्त्र गेल्या शतकात अमेरिकेत आणि युरोपात वाढीस लागले, ते तेथील परिस्थितीतल्या काही गोष्टी न सांगता गृहीत धरूनच: उपचार करणाऱ्याजवळ विद्यापीठाची पदवी असेल, त्याच्या खोलीचे दार लावून घेता येईल, मुलाला दर आठवड्यास तेथे आणून पोचवणारे कोणी वडीलधारे असेल, आणि आपल्याला काय होते आहे हे सांगावयास त्या मुलाजवळ शब्द असतील. जगातील सुमारे ९० टक्के मुले ज्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, तेथे यांतील पहिल्या तीन गोष्टी दुर्मिळ आहेत. चौथी तशी नाही. शब्द तेथेही आहेत, फक्त ते मनोविकारशास्त्राच्या दफ्तरी नोंदलेले नाहीत. आपल्याच भाषेत पाहा: मूल 'हाय खाते', 'धसका घेते', एखादी गोष्ट 'मनाला लावून घेते', आणि हे तीन प्रकार एकच नव्हेत, हे कोणतीही आजी सांगेल, मग त्यांची रुजुवात ग्रंथांतल्या व्याधिनामांशी होवो वा न होवो.

या उपचारांना गेल्या पाव शतकात जी दूरदूरची पायपीट करावी लागली, तिच्याकडे मागे वळून पाहताना मला युगांडाची हकीकत प्रथम आठवते. एड्सच्या साथीने पोखरून निघालेल्या मसाका व राकाई या दक्षिणेकडील जिल्ह्यांत पॉल बोल्टन व त्यांचे सहकारी गेले, तेव्हा हाती प्रश्नावली घेऊन नैराश्य मोजत सुटण्याऐवजी त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले की, या साथीमुळे लोकांना काय काय होते? उत्तरादाखल आलेल्या शब्दांत दोन पुनःपुन्हा आले, 'ओक्वेक्यावा' आणि 'ओक्वेकुबाझिदा'. एक स्वतःचाच तिटकारा येण्याचा आणि दुसरा स्वतःचीच कीव येण्याचा. नैराश्याची बहुतेक ग्रंथोक्त लक्षणे या दोन शब्दांच्या पोटात निघाली, आणि मोजमापाची पट्टी मग त्या शब्दांवरून बेतण्यात आली.

उपचार निवडला तो क्लेरमन आणि वाइसमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकन प्रौढांसाठी रचलेला, माणसामाणसांमधील संबंधांतून खिन्नतेचा उगम शोधणारा. त्याला युगांडाचे रूप देण्याचे काम हेलेना वेर्देली व कॅथलीन क्लोहर्टी यांनी केले, आणि त्यांची खरी परीक्षा कशाचे भाषांतर करावे यापेक्षा काय सोडून द्यावे यात झाली. मूळ पद्धतीतील 'भूमिकांतर', 'भूमिकासंघर्ष' असली शास्त्रीय नावे जाऊन आयुष्यातील बदल, माणसांतील बेबनाव आणि जिवलगाचा मृत्यू अशी साधी नावे आली. माणसे जोडताच न येण्याविषयीचे चौथे प्रकरण, जेथे गावाचे सारे आयुष्य एकमेकांच्या अंगणात चालते तेथे, गैरलागू म्हणून वगळण्यात आले. शोकाच्या प्रकरणी तर पेच मोठाच होता. गेलेल्या माणसाच्या गुणांबरोबर त्याचे दोषही दुःखिताने बोलून मोकळे व्हावे, अशी मूळ पद्धतीची अपेक्षा. आणि मृताविषयी वाईट बोलू नये, हा तेथला संकेत. (आपल्याकडे तेराव्याच्या बैठकीत असा प्रश्न कोणी विचारून पाहावा!) तेव्हा तोच प्रश्न, मृताला बोल न लागता, त्याच्या सहवासातील कठीण दिवसांविषयी विचारण्यात आला. मनातील राग तोंडावर बोलून दाखवावा, हा अमेरिकन आग्रहही सैल करावा लागला. कारण नवऱ्यावरचा राग बेचव स्वयंपाकातून पोचवण्याची तेथील बायकांची रीत हीदेखील संभाषणाची एक रीतच होती. उपचार करणारे कोण, तर माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेले स्थानिक लोक, ज्यांना केवळ दोन आठवड्यांचे शिक्षण देण्यात आले. २००२ साली ३० गावांत घेतलेल्या या प्रयोगात उपचार मिळालेल्या प्रौढांपैकी नैराश्याच्या व्याख्येत बसणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर उतरले. उपचार न मिळालेल्यांतही ते कमी झाले, पण ९४ वरून ५४.७ पर्यंतच.

या यशाच्या बळावर तोच उपचार २००५ साली उत्तर युगांडात मुलांकडे नेण्यात आला, आणि येथे कथेला वळण लागते. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर सेनेच्या धाकाने घरदार सोडून निर्वासितांच्या दोन छावण्यांत राहिलेली ही अचोली मुले, वय १४ ते १७. येथेही आधी शब्द विचारले गेले. 'त्वो ताम', 'पार', 'कुमु' अशी खिन्नतेची नावे हाती आली. एकंदर ३१४ मुलांपैकी काहींना १६ आठवडे सामूहिक संभाषणाचा उपचार, काहींना सर्जनशील खेळ, आणि उरलेल्यांच्या वाट्याला तूर्त प्रतीक्षा, अशी वाटणी झाली. संभाषणाने मुलींची खिन्नता निश्चितपणे उतरली. मुलग्यांच्या बाबतीत तसे सिद्ध झाले नाही, आणि खेळाने दोघांनाही गुण आला नाही. मुलगे दहाजणांच्या देखत मनातले बोलावयास कचरले असतील, असा तर्क करता येतो, पण तो तर्कच. मला मोलाचे वाटते ते हे की, ही अर्धी हार संशोधकांनी लपवली नाही.

याच सुमारास शाळेच्या वर्गालाच उपचारगृह करण्याची कल्पना विटसे टोल, मार्क जॉर्डन्स आदी संशोधक निरनिराळ्या युद्धग्रस्त मुलखांत पारखून पाहत होते. पाच आठवड्यांत १५ बैठकींचा तो कार्यक्रम इंडोनेशियातील पोसो येथे बऱ्यापैकी फळला. श्रीलंकेत मात्र सरासरीने काहीच निष्पन्न झाले नाही. उलट तेथल्या मुलींची आघातजन्य लक्षणे कार्यक्रमाविना जितकी ओसरली असती, तितकी कार्यक्रमात बसून ओसरली नाहीत. चांगल्या हेतूने दिलेली गोष्ट निदान निरुपद्रवी तरी असते, या परोपकारी मंडळींच्या समजुतीला याहून कडू उतारा मला ठाऊक नाही.

झांबियाची राजधानी लुसाका येथे लॉरा मरे यांनी आघातग्रस्त मुलांसाठी अमेरिकेत तयार झालेली वर्तन-बोधात्मक पद्धती नेली, आणि तिच्या बरोबरीने जी दुसरी गोष्ट नेली ती अधिक टिकाऊ ठरावी. कारागिराच्या हाताखाली पोराने उमेदवारी करावी, तशी ही शिकवणूक: प्रारंभीचे वर्ग थोडे, पण मग प्रत्यक्ष मुलांवर काम चालू असता स्थानिक देखरेख करणाराने दर आठवड्यास प्रत्येक प्रकरणाचा तपशील ऐकावयाचा, आणि त्याचा तपशील परदेशी शिक्षकाने दूरध्वनीवरून. अनाथ व निराधार अशा २५७ मुलांवरील या प्रयोगाचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. आघाताची लक्षणे उपचारगटात ८१.९ टक्क्यांनी, तर नेहमीची मदत मिळालेल्या गटात २१.१ टक्क्यांनी घटली होती. शॅनन डॉर्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पद्धती सामूहिक रूपात टांझानियातील मोशी व केनियातील बंगोमा येथे पितृ-मातृवियोग झालेल्या ६४० मुलांसाठी योजली, आणि तिला स्वाहिली नाव मिळाले, 'पामोजा तुनावेझा', म्हणजे मिळून आपल्याला जमेल. दोन्हीकडच्या शहरी व ग्रामीण अशा चार भागांपैकी तीनांत जमलेही; टांझानियाच्या शहरी भागात मात्र आघाताच्या लक्षणांवर दोन गटांत फरक पडला नाही, कारण तेथे नेहमीची मदत मिळालेली मुलेही बरीच सुधारली.

आपल्या बाजूची हकीकत गोव्यात सुरू होते. तेथे १९९६ साली विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या 'संगाथ' संस्थेने पदवीधर तज्ज्ञांविना चालणाऱ्या समुपदेशनाचा ध्यास घेतला, आणि पुढे गोवा व दिल्ली येथील शाळांतून किशोरवयीनांसाठी एक उपचार घडवला. मुले 'डिप्रेशन' म्हणत नव्हती, 'टेन्शन' म्हणत होती. आणि तो शब्द इंग्रजीचा असला तरी आज जितका स्थानिक आहे तितका 'अवसाद' नाही. उपचाराची काटछाट शाळेच्या वेळापत्रकाने केली. तासिकेच्या फटीत मावतील अशा चार-पाच छोट्या बैठकी आणि चित्रकथांच्या तीन पुस्तिका उरल्या. अडचण ओळखावी, पर्याय मांडावे, एक करून पाहावा, इतकेच त्यांचे सूत्र. दिल्लीतील सहा सरकारी शाळांतल्या २५० विद्यार्थ्यांवर हे तोलले गेले, तुलना नुसत्या पुस्तिका मिळालेल्यांशी. २०२० च्या अहवालानुसार सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार समुपदेशनाने अधिक हलका झाला, पण प्रमाणित प्रश्नावलीवरील लक्षणांत दोन गटांत फरक दिसला नाही. यांतील कोणते माप खरे मानावे, यावर पंडितांत मतभेद राहोत. मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या अडचणीला मी अधिक वजन देईन.

राहता राहिला प्रश्न पगाराचा, जो प्रयोगाचे अनुदान सरले की प्रथम दारात उभा राहतो. समुपदेशकाची नवी जागा मंजूर करून घेणे ही कोणत्याही सरकारी खात्यात वर्षानुवर्षांची दिरंगाई. म्हणून हजेरीपटावर आधीच असलेल्या शिक्षकाकडे सर्वांची नजर जाते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत ही तजवीज तपासून झाली: गावातून नेमलेल्या समुपदेशक-मित्राने शाळेचे वातावरण सुधारले, दांडगाई व खिन्नता कमी केली, आणि तोच कार्यक्रम शिक्षकांच्या हाती दिला तेथे काहीच हलले नाही. असे असूनही बंगोमात आता तोच आघातोपचार एकीकडे शिक्षकांच्या आणि दुसरीकडे गावच्या आरोग्य स्वयंसेवकांच्या हाती देऊन पाहण्यात आला आहे, कारण केनियातही हजेरीपट तोच आणि तिजोरीही तशीच. सकाळी ज्याने गणित चुकले म्हणून दरडावले, त्याच गुरुजींजवळ दुपारी आईच्या मरणाविषयी बोलावयास ती पोरे कशी बसत असतील, हे मला कोणत्याही कोष्टकात सापडलेले नाही.