अकरा विरुद्ध सात

कौरवांकडे ११ अक्षौहिणी, पांडवांकडे ७. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, एकूण २,१८,७००. आकडे इतिहासाचे की कवीचे, हा वाद बाजूला ठेवू. मला भुरळ पडते ती त्यामागच्या मोजमापाची. एका रथाला एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ हे प्रमाण एकदा बांधून टाकलं, की चार जातींचं बळ एकाच मापट्यात भरता येतं आणि मग दुर्योधनाला ‘आपण अकरा, ते सात’ असा हिशेब करता येतो. संगणकावर युद्धाचा खेळ मांडून बसलेला आजचा मुलगाही पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून हाच हिशेब करत असतो.

बुद्धिबळात माप आणखी सुटसुटीत. प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. शिकवणारा पहिल्या आठवड्यात हा तक्ता पाठ करून घेतो आणि पुढची दहा वर्षं त्यातले अपवाद शिकवतो. वजीर होण्यापासून एक घर दूर असलेल्या प्याद्याला १ गुण देणारा तक्ता कोण मानेल?

लढाईचं मोजमाप गांभीर्यानं केलं ते प्रशियाच्या सैन्यानं. वडिलांनी सुरू केलेल्या खेळाला राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटनं १८२४ साली पक्के नियम दिले. नाव ‘क्रीग्सश्पील’, म्हणजे युद्धखेळ. १:८००० प्रमाणाचा नकाशा, पलटणींचे ठोकळे, फासे आणि तक्ते. किती अंतरावरून मारा झाला तर समोरचे किती पडतील, हे तक्ता सांगणार. त्यात दैवाचा वाटा किती, ते फासा. शिवाय मधे पंच. शत्रूचे जेवढे ठोकळे तुम्हाला खरोखर दिसले असते तेवढेच तो नकाशावर मांडायचा. म्हणजे समोरच्याचं बळ किती, हा प्रश्नच अर्धा झाकलेला. पुढे तक्त्यांचा काच इतका वाढला, की १८७६ मध्ये फेर्डी दु फर्न्वा या अधिकाऱ्यानं तक्ते आणि फासे दोन्ही बाजूला सारले आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला.

पण पंच म्हटला की त्याची मर्जीही आली. जपानी आरमारानं १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेआधी असाच खेळ मांडला होता. वैमानिक मित्सुओ फुचिदा यांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीनुसार, त्यात अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांवर पडल्याचा निकाल लागला. मुख्य पंच अ‍ॅडमिरल उगाकी यांनी नवाचे तीन केले, आणि बुडालेलं ‘कागा’ पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागलं. फुचिदांच्या काही गोष्टींवर इतिहासकारांनी शंका घेतली आहे, हे इथे सांगायला हवं. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत ‘कागा’सकट चार जपानी विमानवाहू जहाजं बुडाली, यात मात्र शंका नाही.

घरोघरच्या टेबलावर हे गणित आणलं अमेरिकेच्या चार्ल्स रॉबर्ट्स यांनी. त्यांच्या अव्हेलॉन हिल कंपनीचा ‘गेटिसबर्ग’ हा खेळ १९५८ चा. या घराण्यातल्या खेळांत प्रत्येक सोंगटीवर तिचं बळ छापलेलं असतं. हल्लेखोरांची बेरीज करायची, बचाव करणाऱ्याच्या बेरजेनं भागायचं, दर काढायचा, फासा टाकायचा आणि तक्त्यात निकाल बघायचा. गंमत आहे ती बाकीत. अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या पदरात पडतो. १२ विरुद्ध ४ असेल तर दर तीनास एक. पण ११ असतील तर पावणेतीन नव्हे, सरळ दोनास एक. त्यामुळे खेळाडू एका गुणासाठी अर्धा अर्धा तास पट उलटापालटा बघत बसतात, कुठून एखादी घोडदळाची सोंगटी ओढून आणता येईल का म्हणून. अशा डावात मी सेनापती कमी आणि वाण्याच्या दुकानातला हिशेबनीस जास्त असतो. प्रत्यक्ष रणावर आपलं पारडं पावणेतीन पट जड आहे हे कुणाला कळतं?

रॉबर्ट्सचा हिशेब भागाकाराचा. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं वर्गाचा हिशेब मांडून ठेवला होता. मोटारी बनवणारा हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या लढाईचा विचार करत होता. तलवारीच्या लढाईत एकाला एकच भिडतो, म्हणून ५ विरुद्ध ३ असतील तर शेवटी २ उरतात. पण दुरून मारा करताना पाचही जण एकावर नेम धरू शकतात. तिथे बळ संख्येच्या वर्गानं वाढतं: २५ वजा ९ म्हणजे १६, त्याचं वर्गमूळ ४. पाचातले चार जिवंत. ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळणाऱ्या पोरांनी लँचेस्टरचं नावही ऐकलेलं नसतं, पण तिरंदाजांचा घोळका फोडायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हेच सूत्र कुरुक्षेत्राला लावून बघा. १२१ वजा ४९ म्हणजे ७२, वर्गमूळ साधारण साडेआठ. कौरवांच्या साडेआठ अक्षौहिणी उरायला हव्या होत्या. उरले अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा.

सिड मायरच्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरच्या खेळाला, १९९१ साली, असाच एक चमत्कार महागात पडला. त्यात युद्धनौकेचा हल्ला १८, भालाईतांच्या फॅलँक्सचा बचाव २. निकालाची सोडत एकच, म्हणून तटबंदीचा फायदा नसला तरी विसात दोन वेळा भालाईत युद्धनौका बुडवणार! खेळाडू खवळले. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक तुकडीला ‘हिट पॉइंट’ आले. एका सोडतीऐवजी अनेक छोट्या फेऱ्या, त्यामुळे दैवाची धार बोथट झाली. चौथ्या आवृत्तीनं (२००५) याहून महत्त्वाचं काही केलं. तिथे प्रत्येक राज्याच्या बळाचा आलेख दिसतो, आणि त्यात नुसतं सैन्य नाही, तर युद्धविद्येतले शोध, बराकी, लोकसंख्या हेही धरलेलं असतं. संगणक चालवत असलेले राजे कुणावर चाल करायची हे ठरवताना हा आकडा बघतात. म्हणून मुरलेले खेळाडू लढायला नव्हे, तर दाखवायला सैन्य पोसतात. ‘स्टेलारिस’ या खेळात तर शेजाऱ्याच्या बळाला शब्दच लावलेत: दयनीय, कमी, तुल्य, वरचढ, प्रचंड. मारा आणि टिकाव यांतून निघालेला आकडा तिथे शेवटी शेरा होऊन बसतो, शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्यासारखा.

‘हार्ट्स ऑफ आयर्न’चा चौथा भाग एका आकड्यावर भागवत नाही. मऊ लक्ष्यावरचा मारा वेगळा, चिलखतावरचा वेगळा. आघाडीची रुंदी ठरलेली, त्यामुळे जादा डिव्हिजन मागे ताटकळतात. आणि माणसं शिल्लक असतानाच डिव्हिजनची घडी विस्कटते व ती माघार घेते. वर रसद. रसदीचा लाल रंग नकाशावर पसरला की मला पानिपत आठवतं. १७६१ च्या जानेवारीत भाऊसाहेबांकडे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, कवायती पलटणी होत्या. पण छावणीत बुणगे आणि यात्रेकरूही होते, आणि दाणागोटा तुटला होता. खाणारी तोंडं अक्षौहिणीच्या मापट्यात धरायची कशी?

मापटंच फेकून दिलं ते अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी. १९५९ च्या त्यांच्या ‘डिप्लोमसी’त फासा नाही, तक्ता नाही, प्रत्येक सेनेचं आणि प्रत्येक आरमाराचं बळ एकच: १. तुम्ही दोन होता ते दुसऱ्यानं पाठिंबा दिला तरच. सगळे आपापले हुकूम गुपचूप लिहितात, मग ते एकदम उघडतात. खेळाच्या सुरुवातीला, म्हणजे पटावरच्या १९०१ च्या वसंतात, सहा सत्तांकडे तीन-तीन सोंगट्या असतात आणि रशियाकडे चार.

मागच्या दिवाळीत आम्ही सात जण बसलो, रशिया माझ्याकडे आला. सगळ्यांत बलाढ्य म्हणून मी खूश. तुर्कस्तान आणि ऑस्ट्रिया दोघे माझ्याशी फार गोड बोलत होते. एकानं तर चकल्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. १९०३ चा शरद संपला तेव्हा माझ्याकडे एक आरमार उरलं होतं, सेंट पीटर्सबर्गला.