जुन्या जीपच्या ब्रेकप्रणालीचे उन्नतीकरण

विलीज बनावटीच्या, अथवा तिच्या आराखड्यावरून भारतात तयार झालेल्या जुन्या जीपगाडीचे मूळ ब्रेक बदलून त्या जागी अधिक सामर्थ्याचे व अधिक सुरक्षित भाग बसविणे, यास ब्रेकप्रणालीचे उन्नतीकरण म्हणतात. मोठ्या व्यासाचे ड्रम, दुहेरी मास्टर सिलिंडर, पुढील चाकांना डिस्क ब्रेक आणि निर्वात बूस्टर हे त्यातील प्रमुख बदल होत. या बदलांचे हेतू वेगवेगळे आहेत. ड्रम व डिस्क गाडी थांबविण्याचे सामर्थ्य वाढवितात, बूस्टर पायाचे श्रम वाचवितो, तर एका ठिकाणच्या गळतीने चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होऊ नयेत एवढ्यासाठीच दुहेरी मास्टर सिलिंडर असतो. तो बसविल्याने ब्रेक अधिक जोरात लागत नाहीत, म्हणून मालकवर्गात त्याची चर्चा कमी होते. वास्तविक पहिला मान त्याचाच आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीजने १९५३ मध्ये आणलेले उंच बॉनेटचे सीजे-३बी हे प्रारूप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले. महिंद्रने मात्र त्याच घराण्यातील गाड्या पुढे अनेक वर्षे बनविल्या. त्यामुळे महाराष्ट्रात जीप ही सैन्यापुरती राहिली नाही. सरकारी खात्यांची, शेतावरची आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत वडापची गाडी म्हणून ती घरोघर परिचित झाली. सोलापूर शहराभोवतीचा प्रदेश बहुतांशी सपाट आहे, आणि सपाट रस्त्यावर ब्रेकचा दुबळेपणा सहज झाकला जातो. तुळजापूरच्या वाटेवर बालाघाटाचा चढउतार लागला की तो उघडा पडतो. उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मूळ रचना

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी आणि नंतरची सीजे-३बी यांच्या चारही चाकांना ९ इंच (सुमारे २२९ मिलिमीटर) व्यासाचे द्रवचालित ड्रम ब्रेक होते. चालकाच्या पायाखाली, फळीच्याही खाली, मास्टर सिलिंडर असतो. पेडल दाबताच त्यातील ब्रेक ऑइलवर दाब येतो. पास्कलच्या नियमानुसार तो दाब नळ्यांमधून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरपर्यंत सारखाच पोहोचतो आणि ब्रेक शू फाकून ड्रमला आतून घासतात. या मांडणीत ऑइलचा मार्ग एकच असल्याने मागील चाकाजवळचा रबरी पाइप फुटला, तरी पुढील ब्रेकही जातात. अशा वेळी हँडब्रेकचाच आधार उरतो. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसविलेला असतो व त्याचा ऑइलशी संबंध नसतो. उन्नतीकरण करताना काही जण तो काढून टाकतात. हे सर्वथा अनुचित होय.

वेग, उतार आणि उष्णता

ब्रेकचे काम म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुमारे १,१०० किलो वजनाची रिकामी जीप ताशी ४० किलोमीटरवरून थांबविताना ६८ किलोजूल उष्णता निर्माण होते, तर ८० किलोमीटरवरून थांबविताना तिच्या चौपट, म्हणजे २७२ किलोजूल. घाटाचा हिशेब याहून कठीण आहे. केवळ ब्रेकच्या बळावर १०० मीटर उंची उतरणे, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवरून जवळजवळ चार वेळा गाडी थांबविण्याइतकी उष्णता ड्रममध्ये साठविणे. गाडीत माणसे कितीही असली तरी हे गुणोत्तर बदलत नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो व शूपासून दूर सरकतो. लायनरचे घर्षणही घटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. ब्रेक कितीही चांगले असोत, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवण्याचा जुन्या चालकांचा प्रघात याच कारणाने योग्य ठरतो.

प्रथम दुरुस्ती

नऊ इंची ब्रेक मुळातच निकामी होते, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. या ब्रेकमधील शू एकेक करून हाताने जुळवावे लागतात, आणि खालच्या खिळीची विकेंद्री जुळवणी बहुतेक ठिकाणी कोणी करीतच नाही. परिणामी लायनरचा थोडाच भाग ड्रमला टेकतो. अंडाकार झालेले ड्रम टर्निंग करून घेणे, लायनर ड्रमच्या गोलाईस बसविणे, रबरी पाइप व सिलिंडरचे वॉशर बदलणे एवढ्याने अनेक गाड्या समाधानकारक थांबू लागतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ड्रम उघडल्यावर हवेच्या फवाऱ्याने ती उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

प्रमुख बदल

दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन दट्टे व ऑइलचे दोन कप्पे असतात. एक पुढील चाकांसाठी, दुसरा मागील चाकांसाठी. एक मार्ग फुटला तर पेडल खोल जाते, पण उरलेली दोन चाके गाडी थांबवितात.

मोठ्या ड्रमचा मार्ग अमेरिकेत विशेष रूढ आहे. तेथे १९७० च्या दशकातील सीजे-५ वरील ११ इंची ड्रम जुन्या जीपला बसवितात. केवळ व्यास वाढल्याने, तेवढ्याच बलात थांबविण्याचे परिबल सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. शिवाय ड्रमचे वजन अधिक असल्याने तो तापण्यास वेळ लागतो. या मार्गाने गाडीचे जुने रूपही फारसे बिघडत नाही.

डिस्क ब्रेकचा मोठा लाभ पाण्यात दिसतो. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी राहते आणि काही काळ ब्रेक धरत नाहीत. डिस्क उघडी असल्याने लवकर सुकते व लवकर थंडही होते. मात्र ड्रममध्ये फिरत्या चाकाच्या ओढीने शू आपोआप अधिक घट्ट आवळला जातो, तसे डिस्कमध्ये होत नाही. म्हणून पायाचा जोर जास्त लागतो व बूस्टरची गरज भासते. बूस्टर चालतो तो इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वातावर. पेट्रोल इंजिनात तो आपसूक मिळतो, डिझेल इंजिनात मिळत नाही. महिंद्रच्या अनेक जीपना प्यूजोच्या परवान्याचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन होते. अशा गाडीत अल्टरनेटरला जोडलेला निर्वात पंप नसेल, तर बूस्टर केवळ शोभेचा ठरतो.

आणखी एक बारकावा नेहमी निसटतो. जीपचा मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असल्याने डिस्कमधील ऑइल मागे उतरते. ते रोखण्यासाठी सुमारे २ पीएसआय दाब राखणारा व्हॉल्व्ह पुढील मार्गात लागतो. ड्रमसाठी असलेला १० पीएसआयचा व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर डिस्क सतत घासून तापत राहते. पुढील ब्रेक बदलल्यावर मागील चाके आधी जाम होणार नाहीत, हेही तपासावे लागते. ८० इंची आखूड व्हीलबेसची जीप अशा वेळी झटकन आडवी होते.

सामान्य ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामे जाते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. ऑइल बदलल्यावर हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून, उजव्या हाताच्या जीपमध्ये डाव्या मागील चाकापासून, सुरुवात करतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्या अधोरेखित केल्या. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. तीत वाहन मूळ स्वरूपात असणे अपेक्षित असून चासी, बॉडी व इंजिन यांतील फेरबदलांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बूस्टरसाठी चासी कापणे किंवा तिला नवे तुकडे जोडणे, ही गाडी थांबविण्याच्या सोयीपायी तिची ओळखच गमावण्याची वाट ठरू शकते. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी नित्य वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येते. ज्या मालकाला जीप रोज चालवायची आहे त्याचा व संग्राहकाचा मार्ग येथे वेगळा होतो. सोलापुरातील, म्हणजे एमएच-१३ क्रमांकाच्या जीपबाबत कोणताही बदल करण्यापूर्वी तेथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट. काढलेले मूळ ड्रम, शू व मास्टर सिलिंडर भंगारात न देता जपून ठेवल्यास गाडी पुन्हा पूर्वरूपात आणता येते.